बोटभर माती

हे लिहिण्याची माझी पात्रता नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मूर्तिकामातलं मला काही कळत नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी काढलेला बैल सरांनी वर्गभर फिरवून विचारलं होतं, ओळखा पाहू हा कोणता प्राणी. लिहिण्याचंही तसंच. घरी मी ‘मले-तुले’ बोलतो आणि इथे ‘मला-तुला’ लिहितो, तेव्हा दुसऱ्याचा सदरा घालून लग्नाला गेल्यासारखं वाटतं. मी लिहितो आहे असं बाबांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, “कोणाले?” लिहायचं ते कोणाला तरी, नाहीतर कशाला, असा त्यांचा साधा विचार. 

आणि ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांना हे आवडलं नसतं, हेही मला माहीत आहे. स्वतः घडवलेल्या पुतळ्यांसमोर उभं राहायची त्यांना लाज वाटायची. त्यांचाच पुतळा मी शब्दांत उभा करायला निघालो आहे. चुकलं तर माफ करा.

ते माझे घरमालक. चंद्रपुरात बी.ए. करत असताना रेल्वेलाइनीजवळच्या त्यांच्या टिनाच्या शेडमागे एक खोली मला भाड्याने मिळाली होती. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायला लागलो. पहिल्या दिवशी मी पत्र्याची पेटी घेऊन उभा होतो. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटाच्या पेराने माझ्या कपाळावर टकटक केलं. कान लावून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, “अंदर जगा हाय. शिक्षण मावन.”

ही त्यांची सवयच होती. भिंत, टरबूज, पाण्याची टाकी, शेजारच्याची नवी अलमारी, जे दिसेल ते ते वाजवून पाहत. दाराशी आलेल्या एका पुढाऱ्याच्या पोटावरही त्यांनी टकटक केल्याचं चाची सांगत. पुढारी हसला म्हणे. चाचा हसले नाहीत. “भरीव हाय,” एवढंच म्हणाले.

चाचांचं घराणं मोहरमचे ताजिये बांधणारं. बांबू, कागद, चमकी. वडिलांबरोबर लहानपणापासून त्यांनी तेच केलं. पुढे लग्नाच्या मंडपांसाठी थर्माकोलची कमळं, मोर आणि नवरा-नवरीची नावं कापायला लागले. त्यातूनच पुतळ्यांचं काम आलं. मोठा पुतळा सगळाच मातीचा करायचा म्हटलं तर तो स्वतःच्या वजनाने बसतो. म्हणून आधी लोखंडी सळीभोवती थर्माकोलचा माणूस उभा करायचा, त्यावर बोटभर माती चढवायची, नाक-डोळे त्या मातीत काढायचे, मग त्याचा साचा घ्यायचा. साचा दुसऱ्या शहरातल्या भट्टीवर जाई आणि तिथून ब्राँझचा पुतळा येई. आतला थर्माकोलचा माणूस, म्हणजे गाभा, साचा काढताना तुकडे तुकडे होऊन शेडमागे पडे. माझी खोली तिथेच होती. त्यामुळे तीन वर्षं मी कोणाच्या ना कोणाच्या हातापायांशेजारी झोपलो.

थर्माकोलचे दाणे सगळीकडे असत. चाचांच्या दाढीत, माझ्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात, वाळत घातलेल्या कपड्यांत. चाची ताट वाढताना म्हणत, “आज वरणात मीठ कमी पडलं, पण थर्माकोल बरोबर हाय.”

एक गोष्ट मला पहिल्यांदा विचित्र वाटली होती. चाचांचे थर्माकोलचे सगळे पुढारी उपाशी दिसत. गाल बसलेले, दंड काटकीसारखे. तापलेल्या तारेने चाचा कापत जात आणि कोट घातलेला मोठा माणूस दुष्काळातून आल्यासारखा उभा राही. मी विचारलं, तर म्हणाले, “आधी उपाशी ठेवतो, मंग माती खाऊ घालतो. भरला का साहेब होते.” त्यांनी कधी पट्टी लावून काही कमी केलं नाही. त्यांचा हातच तेवढं खाऊन टाकायचा. मला वाटतं, हात हे करतो आहे याचं त्यांना भानही नव्हतं.

आता त्यांच्या लाजेविषयी.

एकदा मी त्यांच्याबरोबर बसने वरोऱ्याला गेलो. गाव जवळ आलं तसा त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून ओढून पूर्ण तोंड झाकून घेतलं. कंडक्टरने पाहिलं.

“काऊन चाचा, सासुरवाडी हाय का इथी?”

“त्याच्याहून वाईट हाय,” दुपट्ट्याच्या आतून आवाज आला. “त्या चौकातल्या साहेबाचा डावा कान माया हातचा हाय. गेला का चौक?”

“गेला.”

“खरंच गेला का?”

सगळी बस हसत होती. मीही हसलो. कान मी परतताना पाहिला. मला तो कानासारखाच दिसला.

गडचांदूरला जायचं तर ते लांबच्या रस्त्याने जाणारी बस धरत, कारण जवळच्या रस्त्यावर त्यांनी केलेला एक घोडा होता. चाची वैतागत. “दुनिया आपलं काम दाखवत फिरते, हा माणूस चोरासारखा लपते.” एकदा मी धीर करून कारण विचारलं. ते तार साफ करत होते. तार खाली न ठेवताच बोलले.

“ताजिया कसा असते बेटा, बांधला, लोकाईनं पाहिला, आन पाण्यात ठंडा केला. माया बापाचं चुकलेलं काम कोणी दुसऱ्या साली पाहिलं नाई. चूक बी ठंडी होऊन जाये. हे ब्राँझ ठंडं होत नाई. आपण मेलो तरी ते तिथंच उभं राह्यते, आपली चूक घेऊन.”

मी दुसऱ्या वर्षाला असताना सुईणबाईचं काम आलं.

वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात, आमच्या गावापासून फार लांब नाही असं एक गाव आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या सुईणीने आजूबाजूच्या गावांतली निम्मी माणसं आपल्या हातावर घेतली होती. ती वारली. तिच्या हातावर जन्मलेला एक जण पुढे राइस मिलचा मालक झाला होता. त्या शेठच्या मनात आलं की गावाच्या चौकात तिचा पुतळा व्हावा, पुढाऱ्यांसारखाच, ब्राँझचा, नऊ फुटी. गावाला विचार पसंत पडला. मलाही फार चांगला वाटला. सुईणीचा पुतळा मी कुठे पाहिला नव्हता.

तिचा फोटो मात्र नव्हता. मतदानाच्या ओळखपत्रावर एक होता, त्यात ती कोणीही असू शकली असती. म्हणून चाचा तिच्या लेकीला भेटायला निघाले. “तू तिकडचा हायेस, तिची बोली तुले समजन,” म्हणून मलाही घेतलं.

लेक पन्नाशीची असेल. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि ती एकीकडे कोंबड्या हाकत बोलत होती. चाचा जमिनीवर बसून तिच्याकडे पाहत राहिले.

“माय कशी दिसे, बाई?”

“कशी दिसन जी? सुकडी. पोट पाठीले लागलं होतं. चालाले लागली का हाडं मोजून घ्या.”

“बाळंतिणीच्या घरी जेवायले देत नसत का?”

तिने कोंबडीला खडा मारला.

“पाचवी होये तोवर माय घरात. बाळाले तेल लावे, बाळंतिणीले शेके. पाचवी झाली का मंग अंगणाच्या भायेर. पत्रावळीवर भात टाकत. थे माय खाये नाई. पदरात बांधून आमाले आणे. आमी खाओ.” मग जरा हसून म्हणाली, “म्हणून मी अशी झाली आन माय तशी राह्यली.”

मी खाली पाहत होतो. आमच्या गावातही सुईण होती. मी तिच्याच हातावर जन्मलो असं आई सांगते. तिला आमच्या घरात बसलेली मी कधी पाहिलेली नाही. ती अंगणात उभी राहून बोलायची आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. चाचांनी मला हे विचारलं नाही, पण परतताना बसमध्ये ते माझ्याकडे एकदा पाहून खिडकीबाहेर पाहायला लागले, तेव्हा मला वाटलं की त्यांना कळलं आहे.

त्यांनी आधी मातीत दीड फुटाची लहान मूर्ती केली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेली, घाईने चालत निघालेली बाई. गळ्याची हाडं वर आलेली, गाल आत गेलेले, पोटऱ्या नाहीतच. नुसत्या नळ्या. चाची भाजी चिरता चिरता पाहायला आल्या आणि दारातच थांबल्या.

“हाय अल्ला. हिले पहिले काही खाऊ घाला.”

चाचा इतके खूष झालेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी त्यांनी त्या मूर्तीवर कापड टाकलं नाही. इतर मूर्तींवर ते नेहमी टाकत.

पण शेठना घाई होती. अनावरणाला मोठे पाहुणे येणार होते, तारीख ठरली होती. त्यांचा भाचा हैदराबादला असे. तिथे एक मशीन आलं होतं. लहान मूर्तीभोवती उजेड फिरवून ते मापं घेई आणि फिरत्या पात्याने फोमचे ठोकळे कापून तीच मूर्ती हवी तेवढी मोठी करून देई. चाचा आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, पाहू तरी. लहान मूर्ती हैदराबादला गेली आणि काही आठवड्यांनी ट्रकमधून फोमची बाई आली, तुकड्यांत.

सळीभोवती तुकडे चिकटवले आणि ती उभी राहिली. चाचा तिच्याभोवती फिरत राहिले. पाठीवर एका ठिकाणी हात ठेवून मला ओरडून बोलावलं.

“हे पाह्य बे! माया अंगठ्याचा ठसा! मशीननं ठसा बी मोठा करून आणला!”

खरंच, पाठीवर वीतभर अंगठा उमटला होता.

मी त्यांना दोष देत नाही. तिथे उभ्या असलेल्या कोणीही तेच केलं असतं. नऊ फुटांची फोमची एक उपाशी बाई समोर होती, आणि उपाशी गाभे तर चाचांनी आयुष्यभर पाहिले होते. त्यांच्या डोळ्यांना ती आपल्या नेहमीच्या गाभ्यासारखी दिसली. त्यांनी माती मागवली आणि सवयीने बोटभर चढवत गेले.

काम होत आलं की चाचा रस्ता ओलांडून पलीकडे जात आणि लांबून पाहत. त्या दिवशी गेले ते परतलेच नाहीत. मी पाहायला गेलो, तर समोरच्या सायकलवाल्याच्या दुकानात स्टुलावर बसले होते.

“काय झालं चाचा?”

“बाई जाड झाली.”

मी शेडकडे पाहिलं. मला एक भरदार, चांगली दिसणारी बाई दिसली. लहान मूर्ती आठवली आणि मग मलाही कळलं.

“मशीननं बरोबर केलं होतं,” चाचा म्हणाले. “तो गाभा नव्हता बे, थे बाईच होती. पूर्ण. मी बाईवर बाई चढवली. आता सारी माती काढा लागन, फोम बोटभर छिला लागन, मंग पुन्हा माती.”

ते लगेच उठले आणि दंडापासून माती काढायला लागले. मला आशा वाटली. खरं सांगतो, त्या वेळी मला तिच्या गालांपेक्षा चाचांचीच जास्त काळजी होती. हे काम त्यांना तोंड न झाकता पाहता यावं एवढंच मला वाटत होतं.

दोन-तीन दिवसांत शेठ आणि गावची मंडळी जीप घेऊन आली. चाचांनी हात पुसले.

“शेठ, हे चुकलं हाय. मले महिनाभर द्या.”

“काय चुकलं? पहिलेच किती मस्त दिसून राह्यली.”

“थे अशी नव्हती. तिच्या अंगावर मांस नव्हतं.”

शेठ हसले. “चाचा, कोणाची माय पुतळ्यात जाड झाली म्हणून कोणी भांडलं का आजवर?”

बरोबरच्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. ते गावचे जुने सरपंच होते, हे मला मागून कळलं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “ऐका गा. सुकडी बाई चौकात उभी केली, तं पाव्हणे काय म्हणतीन? गावानं उपाशी मारली म्हणतीन.”

“मारली का?” चाचांनी विचारलं.

त्यांनी ते भांडायला विचारलं नव्हतं. ठोकून पाहत तसंच विचारलं.  एक जण जीपकडे चालायला लागला. शेठ जमिनीकडे पाहत म्हणाले, “तारीख ठरली हाय, चाचा.”

चाचा “बरं” म्हणाले.

तो एक शब्द त्यांना पुढे फार जड गेला. काढलेली माती त्यांनी स्वतःच्या हाताने दंडावर परत लावली. साचा गेला, ब्राँझ आलं, आणि अनावरणाच्या दिवशी शेठच्या आग्रहावरून आम्हीही गेलो. चाचा माइकच्या गाडीआड उभे होते. पडदा ओढला. टाळ्या झाल्या. सुईणीच्या लेकीला नवं लुगडं नेसवून आणलं होतं. तिच्या हातात हार दिला. तिने वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या शेठला मोठ्याने विचारलं,

“माय कवा एवढी जेवली जी? कोनं खाऊ घातलं तिले?”

लोक हसले. लेकीने गंमत केली असंच सगळ्यांना वाटलं, पाहुण्यांनाही. शेठ सर्वांत मोठ्याने हसले. मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी दुपट्टा डोक्यावरून ओढून घेतला होता आणि तो खाली खेचून दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मला त्यांच्याजवळ जाऊन उभं राहणं सुचलं नाही.

त्यानंतर त्यांनी माणसाचा आकार कापला नाही. कमळं कापली, मोर कापले, लग्नाच्या पाट्या कापल्या. कोणी पुतळ्याचं विचारायला आलं की चाचींना पुढे करत. ठोकून पाहण्याची सवयही गेली. मी पास झालो ते सांगायला गेलो, तेव्हा डोक्यावर नुसता हात ठेवला. जेवायला थांब म्हणाले. थर्माकोलचे दाणे वरणात होतेच. चाचींनी ते चमच्याने काढून टाकले.

मग मी एम.ए.साठी नागपूरला आलो. चाचींना अधूनमधून फोन करायचो. ठीक आहेत, मंडपाचं काम आहे, एवढंच कळायचं.

या उन्हाळ्यात वाचनालयात पेपर चाळताना आतल्या पानावर छोटीशी बातमी दिसली. त्या गावात पुतळ्याचे पितळ चोरताना एका वृद्धाला ग्रामस्थांनी पकडले. नाव नव्हतं. चंद्रपूरचा रहिवासी, एवढंच होतं. मी पायऱ्या उतरून एसटीडीवर गेलो. फोन चाचींनीच उचलला. त्या आधी रडल्या, मग चिडल्या, मग त्यांनी सांगितलं.

वरोऱ्याला मंडपाला जातो सांगून चाचा घरून निघाले होते. गेले ते त्या गावी. भर दुपारी, चौकात कोणी नसताना, चौथऱ्यावर बसून ते कानशीने पुतळ्याचे पाय घासत होते. ब्राँझ आतून पोकळ असतं, जास्त घासलं तर भोक पडतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणून अगदी हलक्या हाताने, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं. पोरांनी पाहिलं. पितळ नेतो म्हणून गलका झाला. एकाने त्यांच्या थोबाडीत मारली. पोलिसांना बोलावलं.

“तू कोण? कुठला?” हवालदाराने विचारलं. चाचांनी चंद्रपूर सांगितलं. पुतळा आपण घडवला, हे सांगितलं नाही. चोर म्हणून धरलं, मारलं, तरी सांगितलं नाही. चाची म्हणाल्या, “लाज वाटली असन, बेटा. चोर म्हणवून घ्यायची नाई, थे पुतळा आपला म्हणायची.”

“मंग करत काय होता?” हवालदार ओरडला.

“बारीक करून राह्यलो, साहेब,” चाचा म्हणाले.

हवालदाराला वाटलं, माणूस वेडा आहे. पण पुतळ्याचं नुकसान झालं होतं, तक्रार तर कोणीतरी द्यायला हवी. घरचं माणूस म्हणून त्यांनी सुईणीच्या लेकीला बोलावलं. ती शेतावरून आली. तिने चाचांना ओळखलं. चौथऱ्याजवळ वाकली. पायांवरचा भुगा पदराने पुसला, आणि नडगीवरून, खालून वर, बोट फिरवलं.

“हे पाय मा मायचे हायेत जी,” ती हवालदाराला म्हणाली. “बाकीचं कोनं थांबवलं?”